साडूच्या हॉलचा रिमोट

पैज लागली पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी, बेकरीवाल्याच्या चालू न होणाऱ्या स्कूटरभोवती.

स्कूटर राहिली बाजूला आणि विषय निघाला मास्तरच्या होम थिएटरचा. हल्ली बिल्डिंगमध्ये दुसरा विषय निघायचाच नाही. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग शिकवणारा, दुसऱ्या मजल्यावर उजवीकडे राहणारा. त्यानं हॉलच्या एका अख्ख्या भिंतीवर पडदा लावला होता, छताला प्रोजेक्टर टांगला होता, कोपऱ्याकोपऱ्यात स्पीकर उभे केले होते, आणि हे सगळं लटांबर चालवायला कपाटात एक कॉम्प्युटर ठेवला होता. त्या कॉम्प्युटरला तो हातसुद्धा लावायचा नाही. पाय वर करायच्या खुर्चीत रेलायचं, मोबाईलवर बोट फिरवायचं, की पिक्चर चालू. बोट फिरवलं की आवाज मोठा, बोट फिरवलं की दिवे मंद. आपल्याला आता बोटाच्या वर काही हलवावंच लागत नाही, असं तो तिथं जमलेल्यांना सांगत होता, आणि जमलेले असे ऐकत होते की जणू बोट त्यांचंच आहे.

चष्मेवालाही ऐकत होता. चष्मेवाला म्हणजे दुसऱ्याच मजल्यावर डावीकडे राहणारा, कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान असलेला, आणि मास्तरचा साडू. थोरली त्याच्याकडे, धाकटी मास्तरकडे. दारं समोरासमोर. मास्तरच्या प्रत्येक वाक्याला तो मान डोलवत होता, आणि प्रत्येक डोलवण्याबरोबर मिशीचं टोक चावत होता.

मग तो अगदी सहज, कानामागं खाजवत म्हणाला, की साडूबुवा, एक अख्खा पिक्चर तुम्ही खुर्चीतून न उठता दाखवू शकलात तर मी मिशी काढीन.

मिशी कुणालाच नको होती. बेकरीवाल्याला असल्या कामात भारी हुरूप. त्यानं तिथल्या तिथं शिक्षा ठरवली. मास्तरच्या स्पीकरचं मोठं खोकं जिन्याखाली पडलं होतं. त्याला पुढून चौकोन कापायचा. हरणाऱ्यानं पुढच्या रविवारी सकाळी पार्किंगमध्ये त्या खोक्यात बसायचं, चौकोनातून तोंड बाहेर काढायचं, आणि जिंकणाऱ्याचा टीव्ही व्हायचं. बातम्या लावल्या तर बातम्या, कुस्ती लावली तर कुस्ती. आवाज बंद केला तर नुसतं तोंड हलवायचं. आणि शनिवारी संध्याकाळी मास्तरच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर पिक्चर. नावं पडल्यापासून शेवटापर्यंत मास्तरची बैठक खुर्चीवरून उचलली गेली, की मास्तर हरला.

मास्तरनं हसत हात पुढे केला. चष्मेवाल्यानं तो दोन्ही हातांनी धरला. तिसऱ्या मजल्यावरची नर्स म्हणाली की एवढ्या प्रेमानं पैज लावताना तिनं कुणाला पाहिलं नव्हतं.

प्रेम कसलं डोंबलाचं. चष्मेवाल्याला आधीच माहीत होतं की तो जिंकणार. ते कसं माहीत होतं, ते ऐका.

मुळात हॉलमध्ये पिक्चरचा कारखाना काढला तो त्यानं. मास्तरला यातलं ओ का ठो कळत नव्हतं तेव्हापासून चष्मेवाल्याच्या टीव्हीखाली एक छोटा कॉम्प्युटर होता. त्यात त्यानं जुने पिक्चर जमवले होते, काळेपांढरे, खरखर आवाजाचे, आणि ते सगळे एका माणसासाठी. सासूबाईंसाठी.

सासूबाई थोरल्या लेकीकडे म्हणजे त्याच्याकडेच राहायच्या. संध्याकाळी दुकान बंद करून तो वर आला, की चहा व्हायचा आणि मग दोघं सोफ्यावर बसून जुना पिक्चर बघायची. बघायची म्हणजे काय, पिक्चर बोलायचा कमी आणि चष्मेवाला जास्त. एका पिक्चरमध्ये नायिकेचा बाप, तोंडात पाइप धरून, कितीतरी वेळ जिन्याकडे बघत उभा राहतो. मुलगी पळून गेलेली असते. गंभीर प्रसंग. चष्मेवाला त्या बापाच्या घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "वरचा दिवा कोण चालू ठेवून गेलं?" सासूबाई इतक्या हसायच्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे. तो चष्माही त्यानंच बनवलेला.

आता त्याच्या विनोदांना घरात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बायकोला लग्नाआधी हसू यायचं. दुकानात लोक डोळे तपासायला येतात, त्यांची हनुवटी टेकवून डोळ्यात उजेड मारला की कुणी हसत नाही. आयुष्यात एकच माणूस असा होता की ज्याला चष्मेवाला नुसता आत आला तरी हसू फुटायचं.

आणि मग मास्तरनं पडदा लावला.

लावला तर लावला, वर चष्मेवाल्याकडे येऊन म्हणाला, की साडूबुवा, कॉम्प्युटरचं तेवढं तुम्ही बघा, तुमच्यासारखं कुणाला जमतंय. स्तुती ऐकली की चष्मेवाला विरघळतो, हा त्याचा जुना आजार. नव्यानं सगळं भरत बसायचा कंटाळा म्हणून त्यानं आपल्या कॉम्प्युटरमधलं सगळंच्या सगळं कॉपी केलं आणि मास्तरच्या कॉम्प्युटरमध्ये जसंच्या तसं ओतलं. पिक्चर, सेटिंग, नाव, सगळं. सासूबाईंचे सगळे काळेपांढरे पिक्चर आपल्या हातानं समोरच्या दारात नेऊन ठेवले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

तेव्हापासून संध्याकाळी तो दुकानातून वर यायचा आणि जिन्याच्या शेवटच्या वळणावर त्याला सासूबाईंच्या सपाता दिसायच्या. समोरच्या दाराबाहेर. एकीला एक लावून, नीट, कायमच्या राहायला आल्यासारख्या. त्या सपातांकडे बघितलं की त्याच्या अंगाचा भडका उडायचा. चहा निवायचा. टीव्ही लावायचा नाही. सोफ्याच्या एका टोकाला बसायचा, दुसरं टोक मोकळं ठेवायचा, आणि कान टवकारायचा. दोन दारं ओलांडून त्याच पिक्चरचं तेच संगीत यायचं. आणि मधेच सासूबाईंचं हसू.

त्या हसण्यानं त्याला जे काही व्हायचं ते सांगायची सोय नाही. बायको विचारायची, काय झालं. तो म्हणायचा, ॲसिडिटी.

अशाच एका संध्याकाळी हाताला चाळा म्हणून त्यानं मोबाईलवरचं रिमोटचं ॲप उघडलं. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर बंद होता. ॲपनं सांगायला हवं होतं की काही सापडत नाही. पण वर लिहून आलं, 'हॉल'. खाली हिरवा ठिपका. जोडला गेलाय. हॉल हे नाव त्यानंच त्याच्या कॉम्प्युटरला दिलेलं. पण तो तर झोपलाय. मग हा कुठला हॉल?

त्यानं थांबवायचं बटण दाबलं. समोरच्या घरातलं संगीत बंद झालं.

परत दाबलं. सुरू झालं.

चष्मेवाला सोफ्यावर ताठ बसला. डोक्यात सगळं लख्ख झालं. सगळंच ओतलं होतं ना त्यानं, मग नावही गेलं आणि कुठल्या मोबाईलचं ऐकायचं ती परवानगीही गेली. मास्तरच्या कॉम्प्युटरच्या पोटात अजून चष्मेवाल्याचाच मोबाईल मालक होता. वायफाय दोन्ही घरांत एकच, कारण मास्तरच म्हणाला होता की आपल्यात कसलं आलंय वेगळं.

त्या संध्याकाळी चष्मेवाला लग्नातसुद्धा हसला नसेल तसा, उशी तोंडावर दाबून हसला.

मग त्याचा उद्योग सुरू झाला. नायिका रडायला लागली की आवाज गुल. मास्तर खुर्चीतून वाकून आवाज वाढवायला लागला की हा अजून वाढवायचा, मग स्पीकर असे गरजायचे की खालून बेकरीवाला काठीनं छत ठोकायचा. नायक दार उघडणार, की पिक्चर थांबला. नायक दारात हात ठेवून उभा. मास्तरनं चालू केला, परत थांबला. दारातून मेहुणीचा आवाज यायचा, कॉम्प्युटरवर करवादणारा, मग नवऱ्यावर करवादणारा. ते ऐकत चष्मेवाला दोन दोन कप चहा प्यायचा आणि ॲसिडिटी व्हायची नाही.

पैज लागली ती या भरवशावर.

पैजेनंतर दोनतीन दिवसांनी मास्तर दारात उभा. तोंड पडलेलं. म्हणाला, साडूबुवा, पैज आपल्या जागी, पण मशीन तुम्ही लावून दिलंय, तुम्हीच बघा, मला काही उमगत नाही. चष्मेवाल्याच्या मनात गुदगुल्या झाल्या. तोंडावर त्यानं डॉक्टरचा चेहरा चढवला आणि सपाता सरकवून मास्तरच्या घरात शिरला.

सासूबाई मास्तरच्या खुर्चीत होत्या. पाय वर, पाठीला उशी. खुर्ची त्यांना अशी झकास बसली होती, जणू मापानं शिवून घेतलीय. त्या म्हणाल्या, या जावईबापू, तुमच्याशिवाय अडलंय. तेवढ्या एका वाक्यानं त्याला बरं वाटलं असतं, पण खुर्चीच्या हातावर बिस्किटांची बशी होती, आणि त्यांना कुठली आवडतात ते मास्तरला कळलेलं होतं. हे मात्र त्याला टोचलं.

त्यानं तपासणी सुरू केली. आधी शहाण्यासारखी. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायफायची पेटी बंद करून चालू केली. मास्तरच्या मोबाईलमधलं ॲप काढून परत टाकलं, पडद्यावर आलेला कोड त्यात घातला, दोघांची परत ओळख करून दिली. कॉम्प्युटर मधेच आपोआप झोपत तर नाही ना, ते पाहिलं. सगळं ठीक. ठीक असणारच. मग मास्तर विचारायला लागला, आता काय? आणि चष्मेवाल्याच्या अंगात आलं.

त्यानं मास्तरला मोबाईल डोक्यावर धरून हॉलच्या चारही भिंतींच्या कडेनं हळूहळू चालायला लावलं. सिग्नल कुठं मरतो ते बघायचंय म्हणे. मग पडद्यामागं वाकायला लावलं. मग एका पायावर उभं केलं, का तर फरशीतून वीज खेळते. मास्तर बिचारा बावळटासारखा सगळं करत होता, एका पायावर डुलत होता, आणि मेहुणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून दाताखाली जीभ धरून बघत होती. चष्मेवाल्यानं मोठेपणा मिरवायला म्हणून एक खरी गोष्टही शिकवली. सगळं बंद पडून पडदा निळा झाला, तर मोबाईलच्या कोपऱ्यातली ही खूण दाबून धरायची, खुर्चीत बसल्याबसल्या सगळं परत उघडतं. मास्तरनं ते दहादा करून बघितलं. शिकाऊ ड्रायव्हरकडून गिअर घोटून घ्यायची सवय त्याला होतीच, ती त्यानं स्वतःवर चालवली.

सेटिंग बघता बघता कपाटातल्या कॉम्प्युटरच्या छोट्या स्क्रीनवर ते पान आलं. कुणाकुणाचं ऐकायचं ते पान. वर मास्तरचा मोबाईल, खाली चष्मेवाल्याचा. मास्तर खांद्यावरून वाकून बघत होता. चष्मेवाल्यानं स्क्रीनवर हाताचा पंजा ठेवला आणि म्हणाला, इथं धूळ फार बसलीय. आपला मोबाईल त्यातून काढून टाकायला एकच बटण दाबायचं होतं. त्याचा हात तिथपर्यंत गेलाही.

तेवढ्यात, मशीन चालतं का बघावं म्हणून मास्तरनं पिक्चर लावला. तोच, जिन्याचा. बाप जिन्याकडे बघत उभा राहिला. आणि मास्तर, घोगऱ्या आवाजात, पाइप तोंडात धरल्यासारखे ओठ करून म्हणाला, "वरचा दिवा कोण चालू ठेवून गेलं?"

सासूबाई हसल्या. चष्मा काढून डोळे पुसण्याएवढ्या नाही, पण हसल्या.

पडदा घेतला, खुर्ची घेतली, सपाता घेतल्या, ठीक आहे, पैसे टाकले की येतात. पण हे? हे त्याच्या डोक्यातून आलेलं होतं, त्याच्या गळ्यातून निघालेलं होतं. मास्तरला तर पाइप कुठल्या बाजूला धरतात हेही माहीत नव्हतं. त्यानं ते पान मिटलं. बटण दाबलं नाही. मशीन झकास झालंय, असं सांगून तो घरी आला आणि शनिवारची वाट बघत बसला.

शनिवारी संध्याकाळी मास्तरचा हॉल खच्चून भरला. बेकरीवाल्यानं पावांचा ट्रे आणला, नर्स ड्यूटीवरून तशीच आली. बेकरीवाल्यानं मास्तरला खुर्चीत बसवून आपल्या मफलरनं कमरेला बांधलं, म्हणजे बैठक उचलली की लगेच कळेल. पिक्चरही त्यानंच निवडला, मारामारीचा, गाड्या उडवण्याचा. चष्मेवाल्यानं मुद्दाम लवकर येऊन दाराजवळचं स्टूल पकडलं. हात खिशात. खिशात मोबाईल. ॲपमधली बटणं कुठं आहेत ते त्यानं आठवडाभर न बघता घोकलं होतं. त्यानं एकदा सासूबाईंसाठी नजर फिरवली. दिसल्या नाहीत. लेकींबरोबर आत असतील, असं म्हणून त्यानं तो विचार सोडला.

नावं पडली. चष्मेवाल्यानं पहिली गाडी उडेपर्यंत दम धरला आणि अंगठा दाबला. गाडी हवेतच थांबली. लोक हसले. मास्तरनं बोट फिरवलं, गाडी खाली आली. परत दाबलं, परत थांबली, परत चालू. आवाज गुल केला, मास्तरनं वाढवला. हॉलला पिक्चरपेक्षा यातच मजा यायला लागली. मास्तरच्या कपाळावर घाम होता, पण कंबर मफलरच्या आत होती.

मग चष्मेवाल्यानं पुढचं पाऊल टाकलं. सगळा प्रोग्रामच बंद केला. पडदा निळाशार. आता उठ म्हणावं. मास्तरनं मोबाईलच्या कोपऱ्यातली खूण दाबून धरली, मनात काहीतरी मोजल्यासारखं केलं, आणि सगळं परत उघडलं. पिक्चर जिथल्या तिथं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नर्स म्हणाली, वा मास्तर. चष्मेवाल्यालाही वाजवाव्या लागल्या, आणि आपण शिकवलेल्या गोष्टीला आपणच टाळ्या वाजवतोय, याचा त्याला असा राग आला की हात लाल झाले.

आणि तिथून पुढे त्याची बटणं चालेनात. थांबव, तर पिक्चर पळतोय. आवाज पूर्ण वाढव, तर ढिम्म. त्यानं खिशातून मोबाईल बोटभर वर काढून चोरून पाहिलं. 'हॉल'. हिरवा ठिपका. जोडला गेलाय. मग ऐकत का नाही? त्याला वाटलं, मास्तरनं कुणाकडून तरी काहीतरी करून घेतलंय, नाहीतर या माणसाची एवढी मजल नाही. मास्तर आता रेलून बसला होता. बिस्किट खात होता. एका गुंडाला बघून काहीतरी बोलला आणि सगळा हॉल हसला. चष्मेवाल्याला तो विनोद ऐकूही आला नाही, फक्त हसणं आलं. त्यानं दात आवळून शेवटचं बटण शोधलं. कॉम्प्युटरच बंद करायचं. एकदा तो मेला की मोबाईलवरून उठत नाही, माणसालाच उठून कपाटातलं बटण दाबावं लागतं. ॲपनं विचारलं, नक्की? त्यानं नक्की दाबलं.

पडद्यावर गाड्या उडतच राहिल्या.

तेवढ्यात बाहेर सपाता वाजल्या. दारात सासूबाई.

त्यांनी आत पाहिलं, गर्दी पाहिली, आणि दाराजवळच स्टुलावर बसलेल्या चष्मेवाल्याला म्हणाल्या, "जावईबापू, आपला टीव्ही बिथरलाय हो. आधी आपोआप थांबला. मग अंगावर एवढ्यांदा ओरडला की माझा चहा सांडला. आणि आत्ता तर मेलाच."

आपला टीव्ही. चष्मेवाल्याच्या हातातला मोबाईल गार पडला. घरातला कॉम्प्युटर सासूबाईंनी चालू केला होता. त्यानं मास्तरचा प्रोग्राम बंद केला तेव्हा मोबाईलची त्याच्याशी जोडणी तुटली, आणि मोबाईलनं जो दुसरा हॉल सापडला त्याचं बोट धरलं. नाव एकच ना. मास्तरवर सोडलेला एकेक बाण स्वतःच्या घरात, सासूबाईंच्या अंगावर गेला होता.

तो म्हणाला की तुम्ही तिकडे होतात? एवढंच म्हणाला.

"मग कुठं? ही गाड्यांची आदळआपट कोण बघतंय," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, इकडे गर्दी आहे, तुम्ही कंटाळून घरी याल. जिन्याचा लावून बसले होते. तो बाप तिकडे जिन्याकडे बघत उभा, आणि बोलायला कोणी नाही."

आता जे झालं ते एका श्वासात झालं. मास्तरनं पिक्चर थांबवला, म्हणाला, आई, उभ्या कशाला, इथं बसा, आणि खुर्चीतून उठला. मफलर ताणला गेला, खुर्ची मागं कलंडली, बेकरीवाल्यानं हात वर करून आरोळी ठोकली की मास्तर उठला, मास्तर हरला. हॉलमध्ये दंगा. कुणीतरी चष्मेवाल्याच्या पाठीवर थापा मारल्या. तो जिंकला होता.

आणि तो स्टुलावर बसलेला होता. सासूबाई त्याच्याजवळ, अगदी हाताच्या अंतरावर, उभ्या होत्या. मास्तर खुर्चीला बांधलेला असून उठला, आणि हा मोकळा असून बसून राहिला, कारण उठला असता तर मांडीवरचा मोबाईल सगळ्यांना दिसला असता. या एका गोष्टीनं त्याला जो मत्सर वाटला, तो पडद्यानं, खुर्चीनं, त्या विनोदानंसुद्धा वाटला नव्हता. उठायचा विचारसुद्धा न करता मास्तर उठला होता. त्याला ते आपसूकच यायचं.

चष्मेवाला उठला. सासूबाईंना स्टुलावर बसवलं. मग जाऊन मोबाईल मास्तरच्या हातात ठेवला.

मास्तरनं पाहिलं. ॲपमध्ये आता परत त्याचाच हॉल दिसत होता, कारण दुसरा मेलेला. त्यानं थांबवण्याचं बटण दाबलं. पडद्यावरची गाडी सुरू झाली. दाबलं, थांबली. मास्तर बराच वेळ दाबत राहिला, सुरू, बंद, सुरू, बंद, आणि त्याच्या डोक्यात रडणाऱ्या नायिका, दारात अडकलेले नायक आणि एका पायावरचं डुलणं, सगळं एकेक करून जागेवर बसत गेलं.

"माझ्या गाडीत दुसरा ब्रेक माझ्या पायाशी असतो," तो शेवटी म्हणाला. "शिकणाऱ्याला वाटतं, आपणच चालवतोय. घरात तो ब्रेक तुमच्या खिशात होता होय, साडूबुवा."

चष्मेवाला म्हणाला की होता. मग म्हणाला की खोकं मी घालतो. बेकरीवाला गोंधळला, नियमानं मास्तर उठलाय म्हणाला, पण मेहुणी स्वयंपाकघरातून आली, हातातलं उलथणं खाली न ठेवता म्हणाली, की नियम गेला खड्ड्यात, भाऊजी खोक्यात जाणार, आणि ओढून बसवायचं असेल तर मी आहे.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये बिल्डिंग गोळा झाली. खोक्यावर बेकरीवाल्यानं खडूनं बटणं काढली होती. चष्मेवाला आत उकिडवा बसला, चौकोनातून तोंड बाहेर, मिशीला पुठ्ठा घासत होता. त्याला समोरचं एवढंच दिसत होतं, मास्तरचे गुडघे आणि मास्तरच्या हातातला मोबाईल. सासूबाईंना खुर्ची दिली होती, पण ती चौकोनाच्या बाहेर, डावीकडे.

मास्तरनं बातम्या लावल्या. चष्मेवाल्यानं गंभीर आवाजात बातमी दिली की शहरात एका चष्मेवाल्याचं तोंड खोक्यात सापडलं असून ओळख पटलेली आहे. कुस्ती लावली, तर तो आतल्या आत स्वतःशी भिडला, खोकं हादरलं. आवाज बंद केला, तर नुसते ओठ हलवून त्यानं मास्तरला जे काही म्हटलं ते नर्सला बरोबर वाचता आलं आणि तिनं कानांवर हात ठेवले. लोक हसत होते. पण चष्मेवाल्याचे कान एकाच हसण्याकडे होते, आणि ते ऐकू येत नव्हतं.

मास्तर म्हणाला, जुना पिक्चर.

चष्मेवाल्यानं पाइप धरला, वर बघितलं, गप्प राहिला, नीट हवा तेवढा गप्प, आणि म्हणाला, "वरचा दिवा कोण चालू ठेवून गेलं?"

"अरे, हा तर मास्तरचा," बेकरीवाला म्हणाला. "परवा ऐकला मी. चोरला काय भाऊ?"

खोक्यात चष्मेवाल्याचा चेहरा पेटला. त्यानं तोंड उघडलं, आणि मास्तरनं आवाज बंद केला. मोबाईल त्याच्यासमोर धरून, बटण दाबून. नियम म्हणजे नियम. चष्मेवाला आतून नुसते ओठ हलवत राहिला, डोळे विस्फारून, एका चौकोनात मावणार नाही एवढ्या संतापानं.

"त्यांचाच आहे," मास्तर मग लोकांकडे वळून म्हणाला. "मी उचलला. माझ्याकडून आईंना नीट हसू येत नाही त्याच्यावर. मी घाई करतो."

लोकांनी मास्तरला टाळ्या दिल्या. मनाचा मोठेपणा म्हणाले. घ्या. खोक्यात बसायचं यानं आणि मोठेपणा मिळायचा त्याला. चष्मेवाल्याला वाटलं, आपण इथंच पुठ्ठ्यासकट जळून जावं. तेवढ्यात त्याच्या चौकोनात एक हात आला, सुरकुतलेला, आणि त्या हातानं मास्तरच्या हातातला मोबाईल काढून घेतला.

"कुठलं बटण हो आवाजाचं?" सासूबाईंनी विचारलं.

मास्तरनं दाखवलं. त्यांनी खुर्ची ओढून समोर घेतली, बरोबर चौकोनासमोर, आणि दाबलं. चष्मेवाल्यानं परत वर बघितलं. या वेळी तो जास्त थांबला. इतका थांबला की मागं कुणीतरी खोकलं. मग बोलला. सासूबाईंनी चष्मा काढला.

त्यांनी डोळे पुसले, चष्मा घातला, परत दाबलं. त्यांना आधी जुन्या पिक्चरमधला डॉक्टर हवा होता, मग तो बहिरा नोकर, मग भांडखोर मामी. बेकरीवाल्यानं मधे येऊन जाहीर केलं की शिक्षा पुरी झाली, हरणाऱ्यानं बाहेर यायला हरकत नाही. लोक पांगायला लागले, कुणाला दुकान होतं, कुणाला कपडे वाळत घालायचे होते. मास्तर हाताची घडी घालून जरा वेळ उभा राहिला, आता त्याचंच तोंड जरा आंबट झालं होतं, आणि मग तोही जिना चढून गेला.

खोक्यातला माणूस काही बाहेर आला नाही.